चित्त्याचं गाव

पारनेर,
२० ऑक्टोबर १९९६

चि. जयमाला,

खुशाल असशीलच. तुझं अक्षर पाहून तू डॉक्टर होणार हे मी तू चौथीत असतानाच ओळखलं होतं. फक्त कसली डॉक्टर होणार ते कळलं नव्हतं. मेलेल्या जनावरांची, असं कुणी सांगितलं असतं तर तुझ्या आजीनं, म्हणजे आमच्या राहीआक्कानं, तुला शाळेतूनच काढलं असतं.

तू मागितलेला तुकडा आज रजिस्टर पोस्टानं धाडला आहे. पोटाच्या कडेचा आहे, बोटभर. वस्तरा हातात घेतला आणि तो कातड्यावर धरून तसाच बसलो. तुझी केशरआजी म्हणाली, "आवो, मेलेल्या जनावराला काय दुखतंय? हे कातडं न्हाई, माझी सवत हाय. दर वर्साला उन्हात घालायचं, लिंबाचा पाला बदलायचा आन पाठीवरनं हात फिरवीत बसायचं. माझ्या पाठीवरनं कवा फिरवला का?" हे ऐकलं आणि लगेच कापून टाकलं.

तुझ्या छापील चिठ्ठीवर 'गाव' असा रकाना आहे. तिथे मी 'पारनेरचा माळ' असं लिहिलं आहे. तुला घरात ऐकून माहीत आहे, पण शास्त्राला हवं म्हणून पुन्हा सांगतो. माझे वडील सूर्यभान हे जनावराचा माग काढण्यात वाकबगार होते. एकोणीसशे छत्तीसच्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका संस्थानाची माणसं आली. त्यांच्या मालकाला शिकारीसाठी चित्ता पाळायचा होता. वडील त्यांच्याबरोबर गेले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. दोन वर्षांनी एक माणूस हे कातडं घेऊन आमच्या दारात आला. वडिलांनी चित्ता धरला, पण धरतानाच दरडीवरून कोसळून गेले. जनावर संस्थानात दोन वर्षं जगलं. ते मेल्यावर मालकानं मान म्हणून कातडं आमच्या घरी पाठवलं.

निरोप यायला इतका उशीर का झाला, असं तू विचारशील. संस्थान लांब होतं. आगगाडीची एक रात्र आणि वर बैलगाडीचा एक दिवस.

जयू, चित्ता आपल्या देशातून संपला असं म्हणतात. शेवटच्यांपैकी एक माझ्या बापानं धरला होता, हे तुझ्या यंत्रातून निघालं म्हणजे मी सुटलो.

तुझा
अण्णाआजोबा

*

हैदराबाद,
४ नोव्हेंबर १९९६

ती. अण्णाआजोबा,

तुमचा तुकडा पोचला आणि आमच्या प्रयोगशाळेत दिवाळी आठवडाभर आधीच झाली! सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. कारण सांगते.

आपला चित्ता आणि आफ्रिकेतला चित्ता एकाच घरातले. पण फार पूर्वी त्यांची वाटणी झाली. ती कधी झाली, आणि वेगळं झाल्यावर आपल्याकडची शाखा किती बदलली, हे शोधणं माझं काम. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या घराण्याची हकिगत लिहिलेली असते, चारच अक्षरांच्या बाराखडीत. जनावर मेलं की ती अक्षरं विरत जातात, तरी कातड्यात, हाडात थोडी शिल्लक राहतात. ते तुकडे जुळवून मी वाचते. आफ्रिकेतल्या चित्त्यांची अक्षरं परदेशातल्या लोकांनी वाचून छापली आहेत. इराणात अजून थोडे चित्ते आहेत, ते आपल्या चित्त्यांचे सख्खे. त्यांचे केस आम्हाला मिळाले आहेत. पण इथल्या चित्त्यांची म्हणून जी कातडी राजेरजवाड्यांकडून आली, त्यातल्या बहुतेकांचं गावच कुणाला ठाऊक नाही. तुमच्या चित्त्याला गाव आहे, साल आहे, धरणाऱ्याचं नावसुद्धा आहे.

एक विचारायचं राहिलं. त्या कातड्याला आजवर कुणाकुणाचे हात लागलेत? माणसाचा हात लागला की माणसाचीही अक्षरं त्यात मिसळतात. निवडता येतात, पण माहीत असलेलं बरं.

केशरआजीच्या पाठीवरून हात फिरवा. नमुना द्यायची गरज नाही.

तुमची
जयू

*

पारनेर,
२५ नोव्हेंबर १९९६

चि. जयू,

तुझं पत्र मी शाळेत नेऊन वाचून दाखवलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणी पुन्हा बोलावलं.

हात म्हणशील तर माझेच. आई कातड्याला फारसा हात लावत नसे. मला पाठीवरून हात फिरवू द्यायची, पण तोंडाला लावू द्यायची नाही. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते ना, ती पाहून मी म्हणायचो, "आई, हा रडतोय." ती म्हणायची, "रडू दे. तू हात लावू नगंस."

तुला एक सांगतो, हे तुझ्या शास्त्राच्या कामाचं नाही. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मी आणि आक्का संध्याकाळी तिच्या हातात घुसलेले खडीचे कपचे काढायचो. कित्येकदा नुसत्या अंबाडीच्या भाजीवर झोपलो. दुसऱ्या पोरांचे बाप बाजारातून येताना गुडदाणी आणायचे. मला रडू यायचं तेव्हा मी त्या कातड्यापाशी जाऊन बसायचो. माझा बाप असाच गेला नाही, एवढं मोठं जनावर धरून गेला. त्या एका गोष्टीवर मी शिकलो, मास्तर झालो. बापावर कधी रागावलो नाही. मेलेल्या शूर माणसावर कोण रागावेल?

आई पितृपक्ष काटेकोर पाळायची. आजी-आजोबांचं पान वाढायची, वडे-खीर सगळं. वडिलांचं मात्र वाढत नसे. म्हणायची, रानात गेलेल्याचं घरात करत नाहीत. ती अठ्ठावन्न साली गेली, तेव्हापासून सर्वपित्री अमावास्येला त्यांचं पान मी वाढतो. आई ओरडायला नाही, म्हणून.

निकाल लागला की तार कर. पत्राची वाट बघण्याएवढं वय उरलं नाही.

अण्णाआजोबा

*

हैदराबाद,
१२ मे १९९७

ती. अण्णाआजोबा,

उत्तराला फार उशीर झाला, माफ करा.

तुमच्या तुकड्यातून काही हाती लागलं नाही. जुनी कातडी अशी दगा देतात. इतक्या वर्षांच्या हाताळण्यात माणसाची अक्षरं खूप मिसळली होती आणि चित्त्याची वाचण्याजोगी उरली नव्हती. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले. यात कुणाचाही दोष नाही.

तब्येतीला जपा. उन्हात फिरू नका.

तुमची
जयमाला

*

पारनेर,
२ जून १९९७

चि. जयमाला,

तुझं पत्र मिळालं. दोष कुणाचा नाही असं तू लिहिलंस. मी चाळीस वर्षं मुलांना असंच सांगत आलो, नापास झाल्यावर.

पत्र वाचल्यापासून माझे हात मला बघवत नाहीत. बापाची एवढी एकच खूण घरात होती आणि ती मीच पुसली. दर वर्षी उन्हात घालायची आणि वर हात फिरवत बसायचं. केशर काहीबाही बोलून मला हसवायला बघते. परवा ती म्हणाली, "तुमच्या हातानं चार पोरं वाडली, शाळा वाडली, कातडं कसं खराब हुईल?" उठून बाहेर गेलो.

मग आठवलं, तोंडाला आईनं मला हात लावू दिला नव्हता. ती गेल्यावरही मी कधी लावला नाही. सवयच नव्हती. म्हणजे सगळ्यात स्वच्छ जागा तीच. म्हणून मी परवा वस्तरा उकळून घेतला, हाताला नव्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि डाव्या डोळ्याखालची काळी रेघ कापून काढली. सोबतच्या डबीत आहे. आता तो एकाच डोळ्यानं रडतो.

कातडं विद्रूप झालं. केशरनं त्यावर धोतर टाकून ठेवलं आहे. पण या वेळी नक्की निघेल. पुन्हा एकदा बघ, बाळा. नाही म्हणू नकोस.

अण्णाआजोबा

*

हैदराबाद,
१० ऑगस्ट १९९७

प्रिय राहीआजी,

हे पत्र तुला आईनं वाचून दाखवावं. बाबांपुढे नको, आणि अण्णाआजोबांच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नका.

मी अण्णाआजोबांशी खोटं बोलले. कातडं खराब नव्हतं. पहिल्याच तुकड्यातून सगळं स्वच्छ वाचता आलं. ते जनावर पारनेरच्या माळावरचं नाही, आपल्या देशातलंच नाही. ते आफ्रिकेतलं आहे. मी तीनदा तपासलं, सरांनी वेगळं तपासलं. अण्णाआजोबांनी तोंड कापून पाठवलं, त्यातूनही तेच निघालं. आपल्याकडे चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानिक आफ्रिकेतून बोटीनं चित्ते मागवायचे, हे खरंच घडलेलं आहे.

मग पणजोबा कोणता चित्ता धरताना गेले? मला मे महिन्यात हे लिहवेना, म्हणून मी खराब झालं असं कळवलं. त्या म्हाताऱ्या माणसानं स्वतःला गुन्हेगार ठरवलं आणि जिवापाड जपलेल्या जनावराचा डोळा कापून मला पाठवला. ती डबी उघडली तेव्हा मी कामाच्या टेबलावरच रडले.

तू तेव्हा मोठी होतीस. कातडं घेऊन आलेला माणूस काय म्हणाला होता?

तुझी
जयू

*

देवळाली प्रवरा,
२४ ऑगस्ट १९९७

जयू,

तुजी आई लिवून घेतीय. मी म्हनलं, मी बोलंल तसंच लिही, सुदारू नगंस.

तुला यंत्रात दिसलं ते मला साठ वर्सं ठाव हाय. मी दारात जवारी पाखडीत हुते. मानूस आला, खांद्याव कातडं. त्यो आईला म्हनला, सूर्यभान जित्ता हाय. माळाव चित्ता घावलाच न्हाई, मालक लई कावला, मग त्यानं म्हमईच्या बंदरावरनं दर्यापल्याडचे चित्ते आनवले. सूर्यभान त्यांची राखन करतो. तितंच घर केलंय, बाई केलीया, तिला पोरगं हाय. ह्ये जनावर मेलं, त्येचं कातडं त्याला घावलं. इका आन चार दिस खावा, असं सांगून धाडलंय.

आईनं त्या मानसाला भाकर वाडली, पानी दिलं. त्यो गेल्याव हिरीव गेली. तितं बाया धुनं धूत हुत्या. त्यांच्याम्होरं दगडाव हात आपटून बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं. म्हनली, माजा धनी चित्ता धरताना मेला. बाया रडाया लागल्या. माजी आई रडली न्हाई.

मागनं मला जवळ घेऊन म्हनली, राही, रांडमुंड बाईला गावात जागा हाय, टाकलेलीला न्हाई. तुजं लगीन व्हायचंय. आन तुज्या पाठच्या सोपानला बाप पायजे, मेलेला का असंना. मला तिच्या गळ्याची आन घातली. मी मोडली न्हाई, आज मोडली.

आमी उपाशी ऱ्हायलो पर आईनं त्ये कातडं इकलं न्हाई. आन तिनं त्याचं पान बी कवा वाडलं न्हाई. जित्या मानसाला कसं वाडायचं? सोपाननं सुरू केलं तवा माज्या काळजात चर्र झालं, पर काय बोलनार? त्यो पुडं कवा मेला, मेला का न्हाई, मला ठाव न्हाई.

सोपानला सांगू नगंस. त्यो त्या कातड्याव उबा हाय. पर तोंड कापलं म्हनतीस, तर त्याचे हात तरी मोकळे कर. कसं ते तू बग, तू शिकलेली हायस.

आजी

(त्या सांगत गेल्या तसं लिहिलं. दोनदा थांबल्या. बाबांना सांगितलेलं नाही. — आई)

*

हैदराबाद,
१५ सप्टेंबर १९९७

ती. अण्णाआजोबा,

शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र शांतपणे वाचा.

तुमच्या हातांनी काहीही पुसलेलं नाही. कातडं उत्तम राहिलं आहे, इतकं की सरांना आश्चर्य वाटलं. मे महिन्यात मी तुम्हाला खोटं कळवलं. मला वाटलं, खरं कळवण्यापेक्षा ते बरं. ते बरं नव्हतं.

दोन्ही तुकड्यांमधली अक्षरं पूर्ण वाचता आली. हा चित्ता आफ्रिकेतला आहे. तो बोटीनं आला असणार. यावरून पणजोबांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यांनी धरलेला चित्ता वेगळा असेल. संस्थानात पुष्कळ चित्ते असत, त्यांच्या कातड्यांची अदलाबदल झाली असेल आणि कारभाऱ्यानं चुकून दुसऱ्याचं पाठवलं असेल. असं अनेक ठिकाणी झालेलं आहे.

तुम्ही डोळा कापलात, तो माझ्यामुळे. मला क्षमा करा. मी दिवाळीत येईन आणि तुमच्यासमोर बसून तुम्ही म्हणाल तितका वेळ बोलणी खाईन.

तुमची
जयमाला

*

पारनेर,
२ ऑक्टोबर १९९७

चि. जयू,

क्षमा कसली? पत्र वाचून पहिल्यांदा मी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि मला बरं वाटलं. खरंच सांगतो, आधी बरंच वाटलं. केशरला म्हणालो, "माझा हात लागून काही बिघडलं नाही." ती म्हणाली, "मी काय येगळं सांगत हुते?"

बाकीचं हळूहळू आत गेलं. कातड्यांची अदलाबदल झाली असेल, असं तू लिहिलंस. पोरी, तू गुणाची आहेस. पण खोटं लिहिताना तुझं अक्षर सुधारतं. मे महिन्यातल्या पत्रातही सुधारलं होतं, तेव्हा मला वाटलं हैदराबादेत वळण लागलं. या पत्राचा पहिला भाग तुझ्या नेहमीच्या कोंबडीच्या पायांचा आहे आणि अदलाबदलीपासून पुढचं छापल्यासारखं.

काल सर्वपित्री होती. केशरनं वडे तळले, खीर केली. मी पानं मांडायला बसलो आणि आईचं ते आठवलं. पितरांचं इतकं काटेकोर करणारी बाई स्वतःच्या नवऱ्याचं पान का वाढत नव्हती? रानात गेलेल्याचं घरात करत नाहीत, असा कुठे नियम आहे? आमच्या आजोबांना शेतात पान लागलं होतं, म्हणजे साप चावून ते रानातच गेले. त्यांचं तर ती दर वर्षी करायची. मी मास्तर. पोराच्या पाटीवरची चूक मला लांबून दिसायची, आणि ही साठ वर्षं डोळ्यांसमोर होती. आईनं गावाला फसवलं, मला फसवलं. पितरांना फसवायचं मात्र तिला धाडस झालं नाही.

म्हणजे ते जिवंत होते. आई खडी फोडत होती तेव्हा जिवंत होते. मी कातड्यापाशी बसून रडायचो तेव्हाही कुठेतरी होते. मी त्यांच्या नावानं कौलावर घास ठेवत होतो, तेव्हा कदाचित ते त्यांच्या दुसऱ्या घरी मांडीवर पोर घेऊन जेवत असतील. असतीलच, नाहीतर आले असते.

मी हातात पान घेऊन तसाच बसून राहिलो. वाढावं की नाही ते समजेना. केशरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता जगला असता तर शंभरीचा असता. म्हंजी कवातरी गेलाच असंल. वाडा. बाप हाय." मी वाढलं. घास कौलावर ठेवला आणि तिथेच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडलो, शेजारची माणसं धावत आली इतका. त्यांना काय सांगू? बाप मेला म्हणून रडतोय? जयू, लोक चाळिशी-पन्नाशीत आले की त्यांचे बाप जातात. माझा बाप काल गेला, माझ्या सदुसष्टाव्या वर्षी. आणि इतकी वर्षं मला त्यांचा राग आला नव्हता, तो सगळा आता येतो आहे, तर भांडायला कुणी उरलेलं नाही.

एक ऐक. राहीआक्काला यातलं काही विचारू नकोस. ती तेव्हा मोठी होती, तिला माहीत असणार. माझ्यासाठी तिनं आजवर तोंड शिवून ठेवलं. आता या वयात तिला कशाला कळायला हवं, की सोपानला कळलं? मी भाऊबीजेला देवळालीला जाईन. तिच्यापुढे पाटावर बसून, दर वर्षी सांगतो तशी, वडिलांनी चित्ता कसा धरला ती गोष्ट सांगेन. तू दिवाळीला आलीस तर माझ्याकडे बघू नकोस. मला सांगणं जमणार नाही.

कातडं आज पार्सलनं पाठवत आहे. लिंबाचा पाला घातला आहे. कपाट रिकामं झालं, केशरची सवत गेली, आणि आता तीच डोळ्याला पदर लावून बसली आहे. पाठीवरून पाहिजे तेवढा हात फिरव, त्यानं काही बिघडत नाही. चिठ्ठीवर मी 'पारनेरचा माळ' असं गाव लिहिलं होतं, ते खोडून त्याचं खरं लिही. धरणाऱ्याचं नावही खोड.

त्या मुक्या जनावराला कुणीतरी धरलं, पिंजऱ्यात घातलं आणि समुद्र ओलांडून इकडे आणलं. ते मेलं आणि तरी शेवटी आमच्या दारात आलं. माझ्या बापाला यायला आगगाडीची एक रात्र आणि बैलगाडीचा एक दिवस पुरला असता.

तुझा
अण्णाआजोबा